नानांच्या नाकातली नळी, पोटातली नळी आणि डिप्रेशनची गोळी : सल्ला हवा

जेलरोडकर

नमस्कार मंडळी. आजवर इथे वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी धागा काढतोय.

माझे वडील (नाना), वय ७१, नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त. दिवाळीनंतर पॅरालिसिसचा अटॅक आला. मेंदूत गुठळी, उजवी बाजू गेली, बोलणंही बरंचसं गेलं. 'हो', 'नको' आणि एक अस्सल शिवी एवढंच स्पष्ट येतं. गिळता येत नाही म्हणून नाकातून राइल्स ट्यूब टाकली आणि ट्यूबसकट घरी सोडलं. त्याला आता महिना उलटून गेला. आई दर अडीच-तीन तासांनी मिक्सरमधून काढून, गाळून, सिरींजने फीड देते. मुगाचं वरण, नाचणीचं सत्त्व, ताक, मध्ये प्रोटीन पावडर.

सुरुवातीला फिजिओ आला की नाना पाय उचलायला धडपडायचे. आता भिंतीकडे तोंड करून पडतात. फीडची वेळ झाली की डोळे मिटून घेतात. नातू खोलीत आला तर हाताने 'जा' म्हणतात. नळी ओढून काढायचे प्रकारही झाले, दरवेळी रिक्षा करून पुन्हा घालून आणायची.

डॉक्टर म्हणतात पोटातून नळी (पेग) करून घ्या, आणि डिप्रेशनची गोळी सुरू करू. मोठा भाऊ म्हणतो, पोटाला भोक पाडलं की माणूस कायमचा खाटेला. बहीण म्हणते त्या गोळ्यांची सवय लागते. आई म्हणते, एवढं झाल्यावर माणूस उदास होणार नाही तर काय नाचेल?

पेग करावं का? गोळी द्यावी का? की गिळायला लागले की आपोआप मन थाऱ्यावर येईल? कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

रात्रपाळी

आधी रोजचं बोलते, कारण ते चुकलं तर बाकी चर्चा फुकट.

फीड देताना डोकं-पाठ उंच हवी, ३० ते ४५ अंश. नंतर किमान अर्धा तास तसंच ठेवा, लगेच आडवं करू नका. आधी आणि नंतर साध्या पाण्याने नळी धुवा. नाकाशी नळीवर खूण करून ठेवा, खूण सरकलेली दिसली तर फीड देऊ नका. बाहेर आलेली नळी घरी परत ढकलायची नाही. नळी पोटातच आहे ना हे बघायला हवा मारून पोटावर कान लावायची पद्धत भरवशाची नाही.

तोंडाने काही खात नाहीत म्हणून तोंड धुवायचं सोडलं असेल तर आजपासून सुरू करा, सकाळ-संध्याकाळ. न्यूमोनिया बहुतेकदा त्या तोंडातल्या घाणीतूनच येतो, लाळ छातीत उतरते. नळी असली तरी लाळ असतेच.

आणि गोळ्या कुटताना प्रत्येक गोळीबद्दल विचारा. आवरण असलेली ॲस्पिरिन, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात.

निफाडी_पाटील

आमच्या चुलत्यालाही असंच झालं होतं. नळी काढून टाकली आणि चमच्या-चमच्याने पाणी, पेज पाजायला लागलो. पातळ असलं की सरकतं खाली. चुलता पुढे बरीच वर्षं जगला. डॉक्टर लोक उगा घाबरवतात.

शब्दसखी

पाटील, तुमच्या चुलत्यांचं नशीब थोर. बाकी कुणी हे घरी करू नका, कळकळीने सांगते. मी वाचा आणि गिळण्याच्या उपचारांचं काम करते.

पातळ असलं की सोपं, हा समज अगदी उलटा आहे. पाणी सगळ्यात अवघड. ते इतकं वेगाने घशात उतरतं की श्वासाचं दार बंद व्हायच्या आधीच आत जातं. दाटसर शिरा किंवा मऊ खिचडी सावकाश जाते. आणि ठसका लागला नाही म्हणजे नीट गेलं असंही नाही. स्ट्रोकमध्ये घशाची संवेदनाच कमी झालेली असते. पाणी फुप्फुसात जातं आणि माणूस खोकतसुद्धा नाही.

जेलरोडकर, एक सांगा. नानांची गिळण्याची तपासणी नंतर कुणी केली का? स्ट्रोकनंतर सुरुवातीला निम्म्याच्या आसपास लोकांना गिळण्याचा त्रास असतो. त्यातल्या बहुतेकांचा पहिल्या काही आठवड्यांत कमी होतो. डिस्चार्जच्या वेळी जे होतं तेच आज असेल असं धरून चालू नका. बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेवर हलतं चित्र बघता येतं, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून. पेगचा निर्णय त्यानंतर.

रात्रपाळी

शब्दसखी +१. आमच्या वॉर्डात एका आजोबांना भेटायला आलेल्या नातेवाइकांनी रामकुंडाचं तीर्थ चमचाभर तोंडात घातलं, आम्ही पाठ फिरवल्यावर. श्रद्धेबद्दल काही म्हणायचं नाही. ओठाला लावा, कपाळाला लावा. घशात नको.

पंचवटी_एक्सप्रेस

नाना गिळायला लागले की पहिली मिसळ माझ्याकडून. मखमलाबाद रोडला मळ्यात बसून. पापड, दही, शेवटी जिलबी, सगळं.

चिकित्सक_सिडको

काळ्या मसाल्याची असेल तरच. लाल तर्री म्हणजे नाशिकची मिसळ नव्हे.

पंचवटी_एक्सप्रेस

झालं, पेटला धागा.

शब्दसखी

मिसळीचं नाव निघालंच आहे तर माहिती देते. गिळण्याच्या दृष्टीने मिसळ म्हणजे शेवटची परीक्षा. एकाच घासात पातळ रस्सा आणि कोरडी शेव-फरसाण. रस्सा पुढे पळतो, शेव मागे राहते, घशाला दोन्ही एकदम सांभाळावं लागतं. जो पेशंट बिनधोक मिसळ खातो त्याला मी फाइल बंद करून देते.

सायलीची_आई

आमच्या सासूबाईंना पेग केलं होतं. तुमच्या भावाला हे वाचायला द्या.

नाकात नळी असताना त्या आरशात बघायच्या नाहीत. नाकावर चिकटपट्टी, गालावर नळी, टोकाला बूच. शेजारणी आल्या की पदर तोंडावर ओढायच्या. नळी घशाला टोचायची, रात्री झोप नाही. पेगला मोठं ऑपरेशन नाही लागलं, दुर्बिणीने करतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या म्हणून आधी डॉक्टरांनी त्याचं नियोजन केलं, तेवढं जरूर विचारा. नळी पदराखाली गेली आणि त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खुर्चीत बसल्या. पुढे गिळणं सुधारलं, नळी काढली, भोक आपलं आपण बुजलं. कायमचं वगैरे काही नसतं.

मात्र ती नळी चुकून निघाली तर 'उद्या बघू' करू नका. छिद्र काही तासांत आकसायला लागतं.

उंटवाडी

आमच्याकडे उलट झालं, म्हणून लिहिते. वडिलांना पेग केलं आणि ते आणखी मिटले. त्यांच्या डोक्यात बसलं, पोटाला नळी लावली म्हणजे आता असंच मरेपर्यंत. त्यांना कुणी समजावलंच नाही ना! सगळी चर्चा खोलीबाहेर. डॉक्टर आमच्याशी बोलले, आम्ही एकमेकांशी बोललो, सह्या आम्ही केल्या.

जेलरोडकर, तुमच्या लेखात डॉक्टर काय म्हणतात, भाऊ काय म्हणतो, बहीण, आई, सगळ्यांचं आहे. नाना काय म्हणतात?

जेलरोडकर

उंटवाडीताई, त्यांना बोलता येत नाही म्हणून विचारलं नाही. पण 'हो-नको' येतं हे खरं. आज विचारून बघतो.

शब्दसखी

विचारा, पण एक सावधगिरी. अशा पेशंटचं 'हो' आणि 'नको' कधीकधी उलटसुलट होतं. 'हो' म्हणायचं असतं आणि तोंडातून 'नको' निघतं. छोटी वाक्यं, एका वेळी एकच प्रश्न. कागदावर नाक आणि पोट असं चित्र काढा, बोट दाखवू द्या. थोड्या वेळाने तोच प्रश्न फिरवून विचारा. आणि मोठ्याने ओरडून बोलू नका, ऐकू येत नाही असं नाही.

चिकित्सक_सिडको

थोडं अवांतर. ही राइल्स ट्यूब जॉन राइल या इंग्रज डॉक्टरच्या नावाची. पेगची पद्धत त्यामानाने अलीकडची, १९८० साली अमेरिकेतल्या गॉडरर आणि पॉन्स्की यांनी प्रसिद्ध केली, मुळात लहान मुलांसाठी.

आता मुद्द्यावर. डिप्रेशनच्या गोळीबद्दल मी वाचलंय की फ्लुऑक्सेटिनने लकवा झालेला हातपायही लवकर सुधारतो. फ्रान्समधला अभ्यास होता. मग उदासी असो-नसो, सगळ्यांनाच का देत नाहीत? आणि देत नसतील तर या गोळीत दम नाही असं समजायचं का?

डॉक्टर_निवांत

चिकित्सक, तुम्ही म्हणताय तो अभ्यास २०११ चा, रुग्ण ११८. निकाल आशादायक होता म्हणून ब्रिटनमध्ये मोठा केला, ३१२७ रुग्णांवर, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने रोज २० मिलिग्रॅम. हातपाय किंवा एकूण स्वावलंबन यात काही फरक पडला नाही. नव्याने डिप्रेशन येण्याचं प्रमाण मात्र कमी झालं, आणि हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून सरसकट देत नाहीत. ज्याला डिप्रेशन आहे त्याला देतात, आणि ते डिप्रेशनसाठी. हात हलवायला नव्हे.

आता आईंच्या प्रश्नाकडे. 'एवढं झाल्यावर उदास होणारच' हे वाक्य मी रोज ऐकतो. उदास होणं साहजिक आहे, पण म्हणून त्यावर उपचार करायचा नाही असं कसं? पाय मोडला तर दुखणारच, तरी आपण प्लास्टर घालतोच. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला कधी ना कधी डिप्रेशन येतं. परिस्थितीचं दुःख असतंच, शिवाय मेंदूला झालेली इजाही त्याला कारण असते. आणि उपचार नाही केला तर माणूस फिजिओला सहकार्य करत नाही, सुधारणा मंदावते, त्याने आणखी खचतो.

फक्त नीट ओळखायला हवं. स्ट्रोकनंतर काही लोक कारण नसताना रडतात किंवा हसतात, दोन मिनिटांत थांबतात. ते वेगळं. काहींना दुःख नसतं, नुसती उमेदच नसते. तेही वेगळं. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी घरच्यांनी भरायच्या प्रश्नावल्या असतात: झोप, रडणं, लोकांना टाळणं, डोळ्याला डोळा न देणं. नातवाला 'जा' म्हणणं हे मी गंभीरपणे घेईन.

बहिणीला सांगा, या गोळ्यांची दारू-अफूसारखी चटक लागत नाही. पण मनाने अचानक बंद करायच्या नाहीत. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. वयस्कर माणसात रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून सुरू केल्यावर तपासतात. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते, म्हणून सगळी औषधं डॉक्टरांसमोर ठेवा. इथे वाचून डोस ठरवू नका.

निफाडी_पाटील

डॉक्टर, तुम्ही बोलताय ते पटतं, पण जुन्या काळी कुठे होत्या या गोळ्या? माणसं बरी व्हायचीच ना.

रात्रपाळी

जी बरी झाली ती सांगायला उरली, पाटील.

डावखुरा_आता

डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मला नळी होती. नाकातली. नंतर निघाली. तुम्ही सगळे बाहेरून लिहिताय, मी आतून लिहितो.

भूक पोटाला लागत नव्हती. पोट वेळेवर भरत होतं. भूक तोंडाला. जिभेला. संध्याकाळी लसणाच्या फोडणीचा वास आला की डोळ्यांत पाणी यायचं, आणि घरचे समजायचे दुखतंय.

मला वाईट वाटू नये म्हणून घरचे माझ्यासमोर जेवायचे नाहीत. दार लावून घ्यायचे, हळू बोलायचे. ताटांचा आवाज यायचा. त्यांची माया होती, मला कळत होतं. पण मला त्यातून कळलं ते एवढंच, की मी आता पंगतीत नाही.

फिजिओ म्हणायचा, काका मेहनत कमी पडतेय. चालायला शिकून जायचं कुठे, हे मला कळत नव्हतं. दोन खोल्या पलीकडे जिथे सगळे जेवतात तिथे तर मला नेत नव्हते.

गोळी सुरू केली. आनंद वगैरे काही झाला नाही. एवढंच झालं की फिजिओ आला की राग यायला लागला. आधी तोही येत नव्हता. रागारागात पाय उचलला. बायकोने ओळखलं की हे जुनं माणूस परत येतंय.

सायलीची_आई

डावखुरादादा, दंडवत. पण मग पेशंटसमोर जेवायचं? मला तर ते क्रूर वाटतं हो. आपण पोळी-भाजी खायची आणि तो माणूस बघत राहणार.

उंटवाडी

मलाही आधी तसंच वाटायचं. पण विचारावं ना त्यांना. काहींना नकोच असतं, वासानेही मळमळतं.

डावखुरा_आता

उंटवाडी बरोबर. विचारा. मला हवं होतं. दुसऱ्याला नको असेल.

शब्दसखी

फीडची वेळ आणि घरच्यांच्या जेवणाची वेळ एक करून बघा. खुर्चीत बसवता येत असेल तर टेबलाशी बसवूनच फीड द्या. बसणं हाही व्यायामच आहे. आणि तपासणीत सुरक्षित ठरलं तर नळी असतानाच चवीपुरतं काही देता येतं. नळी आहे म्हणजे तोंडाने सगळंच बंद, असं नसतं. गिळण्याचे व्यायाम तर नळी असतानाच करायचे, घसा वापरला नाही तर आणखी ढिला पडतो.

निफाडी_पाटील

आता एक खरं सांगतो. चुलत्याला आम्ही द्राक्षाच्या हंगामात खुर्चीसकट बागेत नेऊन बसवायचो. माल भरताना क्रेट मोजायचं काम त्याला दिलं होतं. बोलता यायचं नाही, बोटं दाखवायचा. एखादा क्रेट कमी निघाला की आमची धडगत नसायची. चमच्याचं मी म्हणत नाही आता, शब्दसखी बाईंनी कान उपटलेच आहेत. पण माणसाला काहीतरी काम द्या.

पंचवटी_एक्सप्रेस

पाटील फॉर्मात. नाना नोटप्रेसमधले, नोटा मोजायला द्या!

जेलरोडकर

हाहा, मोजायला नोटा तर हव्यात. सगळा खर्च नळ्या, सिरींज, डायपर आणि रिक्षात चाललाय.

उंटवाडी

आणखी एक, कुणी बोललं नाही म्हणून. दर अडीच-तीन तासांनी फीड म्हणजे तुमची आई झोपते कधी? रात्रीच्या फीडमध्ये मोठं अंतर ठेवता येतं का, हे डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारा. भाऊ मतं देतोच आहे तर संध्याकाळची एक सिरींजही देऊ दे. माझी आई वडिलांआधी खचली होती. आम्ही मग १४४१६ ला फोन केला, टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. नुसतं बोलून तिला बरं वाटलं.

चिकित्सक_सिडको

डॉक्टर, मूळ प्रश्न राहिलाच की. पेग हो की नाही?

डॉक्टर_निवांत

पेशंट न बघता हो-नाही सांगणार नाही. वेळेचं गणित मात्र सांगतो. २००५ साली स्ट्रोकच्या रुग्णांवरचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यातून दिसलं की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नाकातलीच नळी बरी, घाईने पेग करून फायदा नाही, उलट निकाल थोडे वाईटच. म्हणून आधी थांबतात. महिन्यानंतरही नळी लागणारच असेल, किंवा नळी सारखी निघत असेल, तर पेगचा विचार करतात. नानांच्या डॉक्टरांनी आत्ता सुचवलं ते वेळेला धरूनच आहे. पण शब्दसखी म्हणाल्या ती तपासणी आधी. दोन-तीन आठवड्यांत नळीच निघणार असेल तर पेग कशाला?

पेगने न्यूमोनिया टळतो असा समज करून घेऊ नका. लाळ आणि पोटातून वर येणारं अन्न तसंच छातीत जाऊ शकतं. आणि गोळीसाठी पेगच्या निर्णयाची वाट बघू नका, ते दोन वेगळे प्रश्न आहेत. गिळायला लागले की मन आपोआप ठीक होईल याची खात्री नाही. मन ठीक नसेल तर गिळण्याचे व्यायाम करणार कोण?

जेलरोडकर

मंडळी, अपडेट देतो. मधे लिहायला जमलं नाही.

चित्र काढून नानांना विचारलं. नाकावर बोट ठेवून त्यांची ती शिवी दिली. पोटाच्या चित्रावर बराच वेळ बोट ठेवलं, मग माझ्याकडे बघितलं. 'कायमचं नाही, नंतर काढतात' असं सांगितलं तर 'हो' आलं. भाऊ समोरच होता, काही बोलला नाही. नंतर सायलीची_आई यांचा प्रतिसाद मोबाइलवर वाचत बसलेला दिसला.

बेरियमची तपासणी झाली. पाणी श्वासनलिकेत जातंय, खोकलाही येत नाही. अगदी शब्दसखींनी लिहिलं तसंच. पण दाट पदार्थ, हनुवटी खाली करून गिळले तर नीट जातात. म्हणून पेग सध्या थांबवलंय. दिवसातून दोनदा तोंडाने थोडं दाट, थेरपिस्टसमोर, बाकी नळीतून. पुढच्या तपासणीत पुरेसं खाता येत नसेल तर पेग करायचं असं ठरलं, नानांसकट.

गोळी सुरू झाली आहे, सोडियम तपासलं. अजून काही फरक म्हणावा असा नाही. फिजिओला काल 'नको' म्हणाले, पण तोंड भिंतीकडे नव्हतं. जेवताना त्यांना टेबलाशी बसवतो. पहिल्या दिवशी आईच रडली, तिचा घास उतरेना. आता भाऊ संध्याकाळी येतो, सिरींज तोच देतो, सांडतो भरपूर.

एक प्रश्न: नानांना चहा हवाय. चहाच्या कपाकडे बोट दाखवून भांडतात. दाट करायला कॉर्नफ्लोअर चालेल का? थिकनर पावडर महाग पडते.

शब्दसखी

कॉर्नफ्लोअर नको. लाळेने स्टार्च पातळ होतो, तोंडात दाट घेतलेला चहा घशाशी येईपर्यंत पाणी झालेला असतो. झँथन गमची पावडर घ्या, ती लाळेने पातळ होत नाही. किती दाट हवा ते तुमच्या थेरपिस्टने तपासणीवरून सांगितलं असेल, तेवढंच माप. पावडर घालून ढवळा, काही मिनिटं थांबा, मग चमच्याने. सुरुवात थेरपिस्टसमोरच करा.

पंचवटी_एक्सप्रेस

चमच्याने चहा? नाना शिवी देणार.

रात्रपाळी

देऊ देत. आणि बिस्कीट बुडवून देऊ नका, कितीही भांडले तरी. शब्दसखींनी मिसळीचं सांगितलं तेच त्याचंही.